दोन्ही पंख्यांची तोंडं बाहेर

कॉम्प्युटर आमच्या क्वार्टरमध्ये आला त्या दिवसापासून मी समोरच्या खोलीत पाणी प्यायले नाही. ग्लास हातातून सुटला तर काय, ही पहिली भीती. मग पाल वरून पडली तर काय, आईने फडक्याने पुसला तर काय, शेजारच्या मावशी बघायला आल्या आणि त्यांनी एखादं बटण दाबलं तर काय. मी मुळातच भित्री. गॅसची शेगडी बंद केली की नाही हे तीन वेळा बघून मग चौथ्यांदा आईला बघायला लावणारी. पण त्या मे महिन्यात मी जेवढी घाबरले तेवढी आधी कधी घाबरले नव्हते, आणि माझ्या मते त्याला कारणही तसंच होतं.

बाबा जूनच्या शेवटी रिटायर होणार होते. भिलाईच्या स्टील प्लांटची नोकरी संपली की प्लांटचं क्वार्टर सोडायचं, हा नियम सेक्टरमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. सोडून जायचं कुठे, तर भंडाऱ्याकडच्या आमच्या गावी, काकांच्या घरी. मी त्या गावात उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ-दहा दिवसांच्या वर कधी राहिले नव्हते. मला भाताचा रोवणा येत नव्हता, चूल नीट पेटवता येत नव्हती, आणि मला जे येत होतं, म्हणजे मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढणं, त्याचा तिथे कुणाला काही उपयोग नव्हता. गावाला गेले की वर्षभराच्या आत मला कुठेतरी उजवून टाकतील आणि माझा विषय संपेल, हे मला पक्कं माहीत होतं. वाचायचा एकच मार्ग होता. हथखोजच्या ज्या कारखान्यात मी सहा महिन्यांपासून कच्च्या नोकरीवर ड्रॉइंग काढत होते, तिथे मला पक्कं करून घेतलं असतं, तर आम्ही टाउनशिपबाहेर कुरुदला भाड्याने घर घेऊन भिलाईतच राहिलो असतो. आई-बाबांनी तसं कबूल केलं होतं.

कारखान्याच्या मालकाने कॉम्प्युटर नवाच घेतला होता. पण हथखोजला टिनाचं छत, शेजारी वेल्डिंग सुरू झालं की दिवे मिचमिचायचे, आणि दुपारी लाइट गेली की गेली. टाउनशिपमध्ये मात्र प्लांटचीच लाइट, ती जात नसे. म्हणून मालक म्हणाले, "आठ दिन घर ले जाओ. पूरे सेट की ड्रॉइंग सोमवार तक फ्लॉपी में चाहिए. काम हो गया तो पहली तारीख से पक्की." आणि जाता जाता कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूवर चिकटवलेल्या कागदी सीलवर बोट ठेवून म्हणाले, "इसको हाथ नहीं लगाना."

मी हात लावला नाही. पण पहिल्याच संध्याकाळी खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं आणि ते काळं झालं. आमच्याकडे धूळ म्हणजे नुसती धूळ नसते. दोरीवरचे पांढरे कपडे काढताना झटकावे लागतात, आणि झटकलं की त्यातून काळसर तांबडा भुगा उडतो. तो लोखंडाचा असतो. लहानपणी आम्ही अंगणातल्या मातीतून चुंबक फिरवायचो आणि त्याला दाढी आली की हसायचो. आता मला हसू येईना. कॅबिनेटच्या समोरच्या तोंडाखाली, अगदी जमिनीलगत, बारीक जाळी होती. त्यातून ही धूळ आत जाणार, आणि आतल्या तारांना चिकटणार. मी पार्सलची तपकिरी टेप आणली आणि ती जाळी नीट, दोन थरांनी बंद करून टाकली. बाजूच्या फटीही बुजवल्या. कुणाला सांगितलं नाही. सील तोडलं नव्हतं, पण मालकाच्या वस्तूला काहीतरी केलं तर होतंच.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी, कूलर चालू असतानाही घामाने बोटं बटणांना चिकटत होती तेव्हा, स्क्रीनवरची रेघ जिथल्या तिथे थांबली. मी माउस हलवला, काही हललं नाही. बंद करून चालू केलं. अर्धा तास चालला आणि पुन्हा थिजला. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला तर तवा. मशीन जळून चाललं आहे आणि माझ्या हातून जळून चाललं आहे, एवढंच मला समजलं. मी तिथेच खाली फरशीवर बसले आणि रडले. आई सुपात तांदूळ घेऊन दारात येऊन उभी राहिली. ती सरळ म्हणाली, "तुह्या बाबाले येऊ दे."

बाबा सकाळची ए शिफ्ट करून तीनच्या सुमारास घरी आले. इथे बाबांच्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते सगळं त्यातूनच झालं. बाबा प्लांटमध्ये गॅस सेफ्टीत होते. भट्टीच्या गॅसला रंग नाही, वास नाही, आणि माणूस बसल्या जागी झोपल्यासारखा मरतो. त्यामुळे बाबांचं सगळं लक्ष हवेवर. कुठेही गेले की आधी ते हवा कुणीकडून येते ते बघत. लग्नाच्या मांडवातसुद्धा ते वाऱ्याला पाठ करून बसत, आणि आई म्हणे, "जेवाले आलो आहो आपण, ड्यूटीवर नाही." एखाद्या टाकीत किंवा मोठ्या पाइपात माणूस उतरवायचा तर त्यांचा एकच नियम होता. आधी आतली खराब हवा बाहेर ओढून काढायची, मग माणूस आत. बाहेरची हवा आत फुंकायची नाही, कारण ती खराब हवा कोपऱ्यात दाबते. सगळ्या सर्व्हिसमध्ये त्यांच्या टोळीतला एकही माणूस दगावला नव्हता, आणि ते याच नियमामुळे असं ते मानत.

बाबांनी कॅबिनेटला हात लावला, मागच्या छोट्या पंख्यासमोर तळवा धरला. मग म्हणाले, "आतमंदी गरम हवा कोंडून राहिली. हे उघडा लागते."

"सील आहे बाबा. मालक मले काढून टाकतीन."

"अन् जळलं तं का ठेवतीन?"

सोमवारला पाच दिवस उरले होते. बाबा सायकलने पॉवर हाऊस नावाच्या बाजारात गेले आणि तळहाताएवढे दोन पंखे घेऊन आले. आईने दाढीच्या पात्याने, पाणी लावून लावून ते सील सोडवलं, आणि मी डोळे मिटून घेतले. स्क्रू निघाले. पत्रा बाजूला झाला. आत गरम प्लास्टिकचा वास होता.

मशीनबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. बाबांना इंग्रजी वाचायला वेळ लागे, म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली. "पंख्याचं का लिहिलं आहे त्यात, पाह्य." मी पान काढलं. चित्र होतं, आणि चित्रात बाण होते. समोरच्या जाळीतून थंड हवा आत, मागून गरम हवा बाहेर. एक पंखा समोर, आत ओढणारा. एक मागे, बाहेर फेकणारा. लहान मुलालाही समजेल असं चित्र. मी ते बघितलं आणि पुस्तिका माझ्याकडे वळवून धरली. समोरची जाळी. हे मी बाबांना दाखवलं तर बाबा समोरचं तोंड काढतील आणि टेप निघेल. मशीन मीच कोंडून मारत होते हे बाहेर येईल. तेव्हा मला एवढंच दिसलं. चार शब्द बोलायचे होते आणि टेप ओढून काढायची होती, पण भीती बसली की माणूस साधा हिशोबसुद्धा विसरतो.

मी म्हणाले, "काही खास नाही लिहिलं."

बाबा म्हणाले, "मंग आपल्याच रीतीनं करू."

त्यांच्या रीतीने म्हणजे दोन्ही पंखे बाहेर फेकणारे. एक मागे, जुन्या पंख्याखालच्या रिकाम्या जागेवर, स्क्रूने बसला. दुसऱ्यासाठी त्यांनी मागच्याच बाजूच्या कार्डांच्या रिकाम्या पट्ट्या काढल्या आणि तिथे तो तांब्याच्या तारेने बांधला. चालू केल्यावर दुसरा पंखा उलटा निघाला, वारा आत फेकायला लागला. बाबांनी मशीन बंद केलं आणि त्या पंख्याच्या पिवळ्या आणि काळ्या तारांची अदलाबदल केली. प्लांटमधल्या हवा ओढायच्या पंख्याची मोठी मोटर उलटी फिरवायची तर दोन तारा बदलतात, तीस वर्षं त्यांनी तेच केलेलं. पंखा फिरेचना. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, पंखा जळला, आता त्याच्यापाठोपाठ बाकी सगळं जळेल. मी प्लग उपटून हातात धरून उभी राहिले, कुणी पुन्हा लावू नये म्हणून.

"हा लहाना पंखा आपली मोटर नोहे," बाबा म्हणाले. त्यांनी तारा होत्या तशा केल्या आणि अख्खा पंखाच काढून पालथा बसवला. ज्या बाजूला पात्यांपुढे आडव्या काड्या असतात त्या बाजूने वारा निघतो, हे त्यांनी हात धरून शोधून काढलं. इतका वेळ लागला की आईने तोवर दोनदा चहा केला.

मग त्यांनी देवघरातून एक उदबत्ती घेतली. ड्यूटीवर त्यांच्या जागी काडी पेटवली तर माणूस घरी येत नाही, तिथे ते कापडाची पट्टी धरून हवा बघत. घरी उदबत्ती. मागे धरली तर धूर सरळ भिंतीकडे पळाला. बाबा खूश झाले. मग ते समोर आले आणि हळूहळू उदबत्ती फिरवत हवा कुठून आत येते ते शोधू लागले. धूर फ्लॉपीच्या तोंडापाशी वाकला आणि त्या फटीतून बारीक दोरीसारखा आत गेला.

"इथून घेऊन राहिलं," बाबा म्हणाले.

मला माहीत होतं की त्याने तिथून घ्यायला नको होतं. खाली, जमिनीलगत, मी त्याचं नाक बंद केलं होतं, म्हणून ते तोंडाने श्वास घेत होतं. बाबांचे तीन पंखे, जुना एक आणि नवे दोन, आतली हवा बाहेर ओढत होते, आणि बदल्यात आमच्या गल्लीची सगळी लोखंडी धूळ त्या एका फटीतून आत चालली होती. मी हे सगळं असं शब्दांत तेव्हा मांडलं नाही. पण मला खुपलं, आणि मी गप्प राहिले.

मशीन मात्र चालायला लागलं. पत्रा कोमट राहू लागला. मी गुरुवारपासून रविवारपर्यंत जेवणाचंही भान न ठेवता काम केलं. सगळा सेट सात फ्लॉप्यांत भरला. त्यातली पहिली परत उघडून पाहिली, उघडली. सोमवारी सकाळी मी त्या सात फ्लॉप्या ओढणीत गुंडाळून, जीव मुठीत धरून, हथखोजला गेले.

मालकाच्या केबिनमध्ये पत्रं टाइप करायला एक जुनं मशीन होतं. त्यात पहिली फ्लॉपी घातली. करकर आवाज आला आणि स्क्रीनवर आलं की वाचता येत नाही. दुसरी, तेच. तिसऱ्या फ्लॉपीला मालकांनी माझ्याकडे बघणं बंद केलं. सातवी घालेपर्यंत मला केबिनमधला पंखा दिसत होता पण त्याचा आवाज ऐकू येत नव्हता. मालक ओरडले नाहीत. त्यांनी रायपूरला फोन केला, दुकानदाराच्या मेकॅनिकला बोलावलं, आणि मला म्हणाले, "चलो, तुम्हारे घर चलते हैं." त्यांच्या गाडीत मागे बसून मी सगळ्या रस्त्यात एकच विचार करत होते, की सील बघितल्याबरोबर ते मला काय म्हणतील, आणि त्यावर मी काय म्हणेन.

मेकॅनिक यायला दुपार झाली. तोवर बाबा शिफ्टहून आले होते आणि अंगावरचा खाकी शर्टही न बदलता खोलीत उभे होते. मालक खुर्चीवर. बाबांच्या निम्म्या वयाचे असतील. मेकॅनिकने कॅबिनेट वळवलं आणि सील नसलेला स्क्रू सगळ्यांना दिसला.

"ये किसने खोला?" मालकांनी विचारलं. माझ्याकडे बघून विचारलं.

मी म्हणाले, "बाबा ने."

दोनच शब्द. खोटं नव्हतं. तरी ते तोंडातून निघाले तेव्हा मला बाबांकडे बघवलं नाही.

"हां, मैंने खोला," बाबा म्हणाले.

मेकॅनिकने फ्लॉपीचा डबा बाहेर काढला आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आत फिरवलं. टोकाला काळी लव आली, आणि ती केसांसारखी उभी राहिली. तो म्हणाला की तीन-तीन पंखे बाहेर ओढत आहेत, मग हवा मिळेल तिथूनच येणार, पण समोरची जाळी असताना ती इथून का आली ते काही कळत नाही. मग त्याने मशीन आडवं केलं. तपकिरी टेप दोन थरांत नीट चिकटलेली होती, कडा कात्रीने कापलेल्या. तशी नीट कापलेली टेप आमच्या घरात फक्त मी लावते.

"और ये टेप किसने लगाया?"

बाबांना टेपबद्दल काहीच माहीत नव्हतं. ते वाकले आणि त्यांनी ती बघितली. ज्या माणसाने जन्मभर हवेचा रस्ता शोधला, त्याला ती टेप बघून सगळं समजायला क्षणही लागला नसणार. मशीन आधी का तापलं ते, पुस्तिकेत काय लिहिलं असेल ते, आणि मी काही खास नाही असं का म्हणाले ते. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. आता वाटतं, शब्द होता, मीच तो फुटू दिला नाही.

"वो भी मैंने," बाबा म्हणाले. "धूल बहुत है इधर."

मालक हसले. "आप तो सेफ्टी में हैं न? ऐसी सेफ्टी करते हैं वहाँ?"

बाबांनी हात जोडले. "गलती हो गई. लड़की का इसमें कुछ नहीं है. उसने तो मना किया था."

पुढचं लवकर झालं. आतली ड्रॉइंग जशीच्या तशी होती, बिघडला होता तो फ्लॉपीचा डबा; त्याने भरलेली फ्लॉपी फक्त त्यालाच वाचता येत होती. मेकॅनिकने नवा बसवला, टेप ओढून काढली, एक पंखा समोर आत ओढणारा आणि एक मागे बाहेर फेकणारा लावला, अगदी चित्रातल्यासारखा. फ्लॉप्या नव्याने भरल्या. मालक जाताना मला म्हणाले, "काम अच्छा है तुम्हारा. पिताजी को मशीन से दूर रखना." आणि एक तारखेपासून मी पक्की झाले.

ते लोक गेल्यावर बाबा शर्टाची बटणं काढत म्हणाले, "मले सांगाचं होतं ना. मंग मी एक पंखा आत फेकणारा ठेवला असता." त्यांच्या आवाजात राग नव्हता. चुकलेलं काम कुठे चुकलं ते सांगावं तसं ते बोलले आणि अंघोळीला गेले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी पडले नाही. मी फ्लॉप्या मोजत बसले.

जूनमध्ये बाबा हार घालून घरी आले. महिन्याभरात आम्ही कुरुदला दोन खोल्यांत राहायला गेलो. बाबांचा तिथे वेळ जाईना. ते सकाळी ओट्यावर बसत आणि रस्त्याने कोण जातं ते बघत. मला वाटलं, ड्यूटी सुटली म्हणून होत असेल.

दिवाळीनंतर एका रविवारी आईजवळ बसून मी तुरीच्या शेंगा सोलत होते. बाबा बाजारात गेले होते. आई म्हणाली, "हिरवी तूर पाह्यली का त्याईले गाव आठवते. भावाले तं चिठ्ठी बी टाकली होती त्याईनं, जूनमंदी येतो म्हणून. खोलीले चुना बी मारून ठेवला होता भावानं. मंग दुसरी चिठ्ठी टाकली, नाही येत म्हणून."

मला हे माहीत नव्हतं. बाबांना गावाला जायचं होतं. रिटायर होऊन गावी जायचं म्हणून ते दिवस मोजत होते, आणि त्या दुपारी त्यांनी नुसतं खरं सांगितलं असतं, तर माझी नोकरी गेली असती आणि ते गावी गेले असते.

"मले कावून नाही सांगतलं?" मी विचारलं.

आईने शेंगा सोलायचं थांबवलं नाही. "तू कशी झाली होती तेव्हा, तुले का माहीत. जेवे ना, झोपे ना, त्या डब्याकडे पाहून थरथर करून राहिली होती. ते मले म्हणे, हिची नोकरी गेली तं पोरगी जिवाचं काही करून घेईन. शिफ्टहून आले का आधी दारातूनच डोकावून पाहे, तू दिसली का मंग चपला काढे. जल्मात कशाले भेले नाही ते. तुलेच भेले."

थोड्या वेळाने बाबा पिशवी घेऊन आले. मी उठून त्यांना पाणी दिलं, त्यांनी ते उभ्यानेच प्यायलं आणि मुळ्याचा भाव सांगितला. त्या कारखान्यात मी पुढे अकरा वर्षं काम केलं. मालक मशीनची गोष्ट निघाली की माझ्या वडिलांनी लावलेल्या त्या टेपचा किस्सा चवीने सांगत, चार लोकांत, आणि मी त्यांच्याबरोबर हसत असे.